फोल्डिंग सायकलचं अपग्रेड: काय बदलावं, कशाला हात लावू नये

फोल्डिंग सायकलला लावलेल्या प्रत्येक नव्या भागाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली रस्त्यावरची, दुसरी घडीची. रस्त्यावर झकास वाटणारं रुंद हँडल घडी घातल्यावर पुढच्या चाकाच्या आऱ्यांवर टेकत असेल, तर या सायकलपुरतं ते नापास. सुट्या भागांच्या परीक्षणांत बहुतेक वेळा वजन आणि वेग यांवरच बोललं जातं. इथे प्रत्येक भागाला विचारलेला पहिला प्रश्न हा आहे: याने घडी बिघडते का?

परीक्षणासाठी घेतली आहे ती सर्वांत जास्त दिसणारी रचना. २० इंची चाकं, मधोमध बिजागरी, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे ५२ दात्यांची एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चक्र), मागे १४ ते २८ दात्यांचं ७ गियरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) आणि व्ही-ब्रेक (दोन उभ्या हातांनी रिम दाबणारा). डाहॉन आणि टर्न यांच्या अनेक मॉडेलांचा आणि त्याच वळणाच्या इतर सायकलींचा सांगाडा साधारण असाच असतो. ब्रॉम्प्टनचं माप आणि घडी दोन्ही वेगळी, त्यामुळे तिच्याबद्दल जाता जाता जेवढं लागेल तेवढंच.

आमचा निकाल आधीच सांगतो. टायर, ब्रेकचे रबर आणि केबल हे बदल डोळे झाकून करावेत. पेडल, ग्रिप, सीट हे शरीराला लागेल तसे. ९ गियरची कॅसेट (मागच्या चक्रांचा वेगळ्या बसणीचा संच) रस्त्यात चढ असतील तर जरूर, सगळा रस्ता सपाट असेल तर गरज नाही. हलकी तयार चाकं विचार करून. आणि हँडलचा उभा खांब, बिजागरी, तिची खिट्टी यांच्या जागी हलके रंगीत भाग कधीच नकोत.

आधी माप, मग खरेदी

या कामात सर्वांत जास्त वस्तू परत जातात त्या मापाच्या चुकीमुळे. ‘२० इंची’ या एका नावाखाली दोन वेगळी चाकं विकली जातात. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास एकात ४०६ मिमी असतो आणि दुसऱ्यात ४५१ मिमी. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या टायरच्या बाजूवर ४०-४०६ किंवा २८-४५१ असा आकडा छापलेला असतो. त्यातला पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. इंचांकडे पाहूच नका, हा आकडा वाचा. ‘१६ इंची’ची गत तीच: ब्रॉम्प्टनचं चाक ३४९ मिमी, तर त्याच नावाने मिळणारं दुसरं ३०५ मिमी.

पुढच्या फोर्कच्या दोन पायांमधलं आतलं अंतर या सायकलींत बहुधा ७४ मिमी असतं. साध्या सायकलचा १०० मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) तिथे जात नाही. मागे रिम ब्रेकच्या सायकलींत बहुधा १३० मिमी, डिस्कच्या सायकलींत १३५ मिमी. ब्रॉम्प्टनच्या पारंपरिक मॉडेलांत मागचं अंतर ११२ मिमी आहे, म्हणून तिच्यासाठी हबच वेगळे बनतात. व्हर्निअर कॅलिपरने मोजा, फूटपट्टीने नको. आणि पाच मिलिमीटर कमी पडले म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम ओढून फाकवू नका. स्टीलची फ्रेम तेवढं सहन करते, ॲल्युमिनियमला जोडाजवळ बारीक चीर जाते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

सीटचा खांब डाहॉन-टर्न पद्धतीच्या सायकलींत ३३.९ मिमी, ब्रॉम्प्टनमध्ये ३१.८ मिमी. इथे अर्ध्या मिलिमीटरची ढील म्हणजे खड्डा आला की सीट खाली सरकणार. चेनरिंगचे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास बहुतेक वेळा १३० मिमी निघतो. बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पेडलच्या आसाच्या बेअरिंगचं, कवच ६८ मिमी रुंद असतं आणि त्यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवा कप सोडवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हे लक्षात नसेल तर जोर लावून आटेच जातात.

टायर: पहिला आणि सर्वांत फायद्याचा बदल

लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि त्याचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो. ४० मिमी टायरसह ४०६ चं चाक किलोमीटरला साधारण ६५० फेरे घेतं. ७०० सीचं, म्हणजे मोठ्या सायकलचं, २८ मिमी टायरचं चाक तेवढ्याच अंतरात ४७० च्या आसपास. म्हणजे रबर दबून-सुटून जी शक्ती वाया जाते ती लहान चाकात जास्त वेळा वाया जाते. म्हणूनच चांगल्या, लवचिक अंगाच्या टायरचा फरक मोठ्या सायकलपेक्षा इथे जास्त जाणवतो. दुसरा कुठलाच भाग एका तासाच्या कामात एवढं देत नाही.

श्वाल्बेचे चार टायर या मापात नेहमी तुलनेला येतात. मॅरेथॉन हा दणकट. त्याच्या आत ३ मिमीचा पंक्चर रोखणारा थर आहे, त्यामुळे काचा-खिळ्यांच्या रस्त्यावर निर्धास्त, पण जड आणि थोडा ताठ. मॅरेथॉन रेसर त्याच्याहून हलका आणि मऊ धावतो. रोजच्या पक्क्या रस्त्याला आमची पहिली पसंती हाच, ४०-४०६ मापात. कोजॅकला नक्षीच नाही, गुळगुळीत. वेग छान, पण ओल्या मातीत आणि शेवाळावर भरवसा नको. बिग ॲपल ५०-४०६ हा रुंद आणि भरपूर हवा मावणारा. रस्ते खराब असतील तर सस्पेन्शनचा फोर्क लावण्यापेक्षा हा टायर लावणं कितीतरी शहाणपणाचं.

पण रुंद टायर घेण्याआधी तीन ठिकाणी मोजा. मडगार्डच्या आतल्या बाजूपासून नव्या टायरपर्यंत किमान ६ मिमी जागा हवी, नाहीतर चिकटून आलेला खडा आत अडकतो. व्ही-ब्रेक उघडल्यावर ५० मिमी टायर दोन रबरांच्या मधून निघतो का ते पाहा. कित्येकदा हवा सोडल्याशिवाय चाक निघत नाही. आणि घडी घातल्यावर दोन्ही चाकं शेजारी येतात तेव्हा टायर एकमेकांना घासतात का? दोन्ही चाकांच्या आसाशी असलेले लोहचुंबक टेकायच्या आधीच टायर टेकले, तर घडी उचलल्यावर उलगडत राहते.

हवेचा दाब टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेतच. ७५ किलोच्या माणसाला ४० मिमी टायरमध्ये मागे ६० ते ६५ पीएसआय आणि ५० मिमीमध्ये ३५ ते ४५ पीएसआय हा सुरुवातीचा आकडा धरा. पुढे त्याहून ५ ते १० ने कमी. कारण फोल्डिंगमध्ये वजन मागच्या चाकावर जास्त पडतं.

टायर चढवतानाची एक अडचण मोठ्या चाकांची सवय असलेल्यांना चकवते. लहान घेरात टायरची कड ताणायला वावच कमी मिळतो, त्यामुळे शेवटची चार बोटं जागा जीव काढते. लिव्हरने जबरदस्ती केली की ट्यूब चिमटते. उपाय एकच. व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करायची, कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे यायचं आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. मग व्हॉल्व्ह आत ढकलून बघायचं, ट्यूब कडेखाली अडकली नाही ना. हवा भरताना पंपाचं मोठं डोकं आऱ्यांच्या मध्ये मावत नाही, ही दुसरी कटकट. लहान डोक्याचा पंप किंवा लवचिक नळीचा पंप जवळ ठेवावा.

ब्रेक

व्ही-ब्रेकचे हात बदलायची गरज क्वचितच असते. बदलायचे ते रबर. कूल-स्टॉपचे विटकरी रंगाचे रबर पावसात पकड टिकवतात आणि रिमही कमी खातात. नव्या रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागचं टोक १ मिमी लांब राहील असं तिरकं बसवा. मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून ब्रेक दाबायचा आणि बोल्ट आवळायचा, की हा तिरकेपणा आपोआप जमतो. त्याने चिरकण्याचा आवाज जातो. रबर टायरला लागता कामा नये. दोन दिवसांत टायरच्या अंगाला भोक पडतं.

लिव्हर बदलताना मात्र सावध. व्ही-ब्रेकला केबलची लांब ओढ लागते, तर रोड सायकलच्या कॅलिपरला आखूड. कॅलिपरची लिव्हर व्ही-ब्रेकला लावली तर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही ब्रेक पुरता लागत नाही. उलटं केलं तर लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि सायकल थांबत नाही. दिसायला सगळ्या लिव्हर सारख्याच, म्हणून पाकिटावर वाचूनच घ्या.

लहान रिमवर ब्रेकचे फेरे जास्त होतात आणि उष्णता वाटून घ्यायला धातूही कमी, म्हणून ती लवकर झिजते. रिमच्या बाजूला झीज दाखवणारी खाच किंवा ठिपके असतात. ते पुसट झाले की रिम बदलायची वेळ आली. लांब उतारावर एकच ब्रेक धरून ठेवू नका, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा.

फ्रेमला डिस्कची जागा नसेल तर डिस्कचा नाद सोडा. पातळ ॲल्युमिनियमला वेल्डिंग करून कंस लावणं हा सरळ धोका आहे.

गियर: इथे गणित मांडा

मूळच्या ५२ दाती चेनरिंगला मागचं १४ दाती चक्र जोडलं की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.६८ मीटर जाते, २८ दातीला २.८४ मीटर. ही गणितं ४० मिमी टायरच्या १.५३ मीटर परिघावर केली आहेत. मिनिटाला ९० फेऱ्यांनी सर्वांत जड गियरमध्ये वेग जेमतेम ३१ किमी. उतारावर पाय रिकामे फिरतात. दुसऱ्या टोकाला मिनिटाला ६० फेऱ्यांनी हलक्या गियरचा वेग १० किमी, आणि खऱ्या चढावर तेवढा वेग राखणं सोपं नाही. दोन्ही टोकं तोकडी.

नुसती चेनरिंग मोठी करून ५६ किंवा ५८ दात्यांची लावायची, हा सल्ला फार ऐकू येतो. आमचा त्याला स्पष्ट नकार. वरचा वेग वाढतो पण चढ आणखी कठीण होतो, चेनचं गार्ड बसत नाही आणि घडी घातल्यावर मोठी रिंग आधी जमिनीला लागते. खरा उपाय मागच्या बाजूला आहे. ११ ते ३२ दात्यांची कॅसेट आणि पुढे ४८ दाती रिंग. एका फेऱ्यात जड गियर ६.६८ मीटर, म्हणजे ९० फेऱ्यांना ३६ किमी. हलका गियर २.३० मीटर, म्हणजे ६० फेऱ्यांना सव्वाआठ किमी. घाटाचा रस्ता असेल तर ४६ ची रिंग घ्या: टोकं ६.४० आणि २.२० मीटर.

मेख अशी की जुनं फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि कॅसेट खाचांच्या फ्रीहबवर. त्यामुळे मागचा हब, म्हणजे बहुधा अख्खं मागचं चाकच, बदलावं लागतं. खर्च मोठा आहे, पण त्यासोबत एक जुना रोगही जातो. आट्यांच्या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, फ्रेमपासून दूर असतं, म्हणून खड्ड्यांनी आस वाकतो. फ्रीहबमध्ये उजवं बेअरिंग टोकाकडे सरकतं आणि आसाला आधार मिळतो. जड वजनाच्या माणसाला एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

८ गियर घ्यावे, ९ घ्यावे की १०? दोन चक्रांमधलं अंतर ८ गियरमध्ये ४.८ मिमी, ९ मध्ये ४.३४, १० मध्ये ३.९५ च्या आसपास. अंतर जितकं कमी तितकी डिरेलरची खुंटी, म्हणजे चेन चक्रांवरून सरकवणारा भाग फ्रेमला जिथे टांगलेला असतो ती, सरळ असायला हवी. आणि घडीच्या सायकलची खुंटी बसमध्ये, डिकीत, जिन्यात कुठे ना कुठे आपटतेच. त्यामुळे १० च्या पुढे जाण्यात शहाणपण नाही. रोज उचल-ठेव असेल तर ८, नाहीतर ९. शिमानोच्या नेहमीच्या ९ गियरमध्ये एक सोय अशी की रोड आणि माउंटन दोन्ही डिरेलरना शिफ्टरची सारखीच ओढ चालते, त्यामुळे शिमानोच्या सोरा मालिकेचं डिरेलर आणि माउंटनचा सपाट हँडलचा शिफ्टर ही जोडी जमते. १० गियरपासून ही मोकळीक जाते. शिमानोच्याच क्यूज मालिकेतले ९ गियरही वेगळे, त्यांची यात सरमिसळ करू नका.

डिरेलर निवडताना त्याच्या पिंजऱ्याची, म्हणजे चेन धरून खाली लोंबणाऱ्या भागाची, लांबी पाहा. ४०६ च्या चाकात आसापासून जमीन फक्त २४ सेमी खाली, ७०० सीमध्ये ३४ सेमी. माउंटन सायकलचा लांब पिंजरा इथे फुटपाथच्या कडेला, दगडाला लागतो. एका रिंगला ११-३२ साठी मधला पिंजरा पुरतो. सोरा आर३००० चं मध्यम पिंजऱ्याचं डिरेलर ३४ दात्यांपर्यंत चालतं आणि या कामाला अगदी योग्य आहे. शिमानोनेच लहान चाकांसाठी कॅप्रिओ नावाची ९ ते २६ दात्यांची मालिका काढली होती. तिला स्वतःचा खास हब लागतो, म्हणून जुनं चाक हाती आलं तर कॅसेट शिल्लक मिळते का ते आधी बघा. शिवाय ९ दात्यांवर चेन फारच तीव्र वळते, पाय खडखडतो आणि चक्र लवकर झिजतं.

बसवण्याचा क्रम असा. आधी खुंटी गेजने सरळ करून घ्या. नवी फ्रेम असली तरी करा. फ्रीहबच्या खाचांवर ग्रीसचा पातळ हात, कॅसेट, मग लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला. ७ गियरची कॅसेट ८-९ च्या फ्रीहबवर बसवायची असेल तर मागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला तर कॅसेट कितीही आवळली तरी हलत राहते. चेन पुढच्या रिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न घेता, ओढून धरा. टोकं जिथे जुळतात त्यात दोन कड्या वाढवून कापा. फोल्डिंगची मागची बाजू आखूड असते, त्यामुळे ११४-११६ कड्यांची नवी चेन जशीच्या तशी लावली तर छोट्या चक्रावर ती लोंबते. डिरेलरची वरची छोटी चकती आणि ३२ दाती चक्र यांत ५ ते ६ मिमी जागा राहील असा बी-स्क्रू फिरवा. मग डिरेलर दोन्ही टोकांना कुठे थांबेल ते ठरवणारे दोन मर्यादेचे स्क्रू. केबल सर्वांत शेवटी.

चेनरिंगबद्दल थोडं. मधोमध घडीच्या सायकलींत पेडल आणि मागचं चाक एकाच अर्ध्या भागात राहतात, त्यामुळे घडी घालताना चेन सैल पडत नाही. ती पडते ती घडी घातलेली सायकल हाताळताना, पेडल उलटं फिरलं म्हणून. एकाआड एक जाड-बारीक दात्यांची रिंग घेतली तर हे बरंचसं थांबतं. पण तिच्यावर बाहेरचं गार्ड बसेलच असं नाही, आणि पँटच्या पायाला काळं लागायची तयारी ठेवावी लागते. कपडे सांभाळायचे असतील तर साधी रिंग आणि दोन्ही बाजूंना गार्ड हेच बरं.

डिरेलर नकोच असेल तर हबच्या आतले गियर हा खरा पर्याय आहे. शिमानोच्या आल्फिन ८ चा पल्ला (सर्वांत हलक्या गियरच्या तुलनेत सर्वांत जड गियर) ३०७ टक्के, ११-३२ चा २९१ टक्के. म्हणजे काही गमवावं लागत नाही, आणि बाहेर आपटणारं काही राहत नाही. हब १३५ मिमी मागतो, वजन वाढतं आणि उभ्या खाचेच्या फ्रेमला चेन ताणणारी चकती लागते.

चाकं

७४ आणि १३० मिमीची, कमी आऱ्यांची, रंगीत हबची तयार जोडी भुरळ घालते. ती हलकी असते आणि पटकन वेग घेते हे खरं. पण तिचे आरे सरळ डोक्याचे, खास लांबीचे असतात. एक तुटला तर बदली मिळेपर्यंत सायकल उभी. प्रवासाला निघणाऱ्याने २८ भोकांची साधी रिम आणि वाकड्या डोक्याचे साधे आरे यांचं चाक विणून घ्यावं. ४०६ च्या रिमला साधारण १८० मिमीच्या आसपास लांबी लागते. नेमका आकडा हब आणि रिम दोन्ही मोजूनच काढायचा.

विणताना मोठ्या चाकाची सवय इथे आणू नये. ७०० सीला तीन छेद (एक आरा इतर आऱ्यांना किती वेळा ओलांडतो तो आकडा) नेहमीचे. लहान रिमला मोठ्या कडांचा हब, म्हणजे डायनॅमो किंवा गियरचा हब, तीन छेदांनी विणला तर आरा रिममध्ये इतका तिरका शिरतो की निपलपाशी, म्हणजे रिममधल्या छोट्या नटापाशी, त्याला बाक येतो, आणि आरे तिथेच तुटतात. अशा हबला एक छेद, साध्या लहान हबला दोन. विणून झाल्यावर आरे जोडीजोडीने मुठीत दाबून ताण बसवून घ्या आणि पुन्हा एकदा चाकाचा आउट काढा.

पुढे ७४ मिमीचा डायनॅमो हब मिळतो आणि रोज अंधारात फिरणाऱ्याला तो मनापासून सुचवतो. लहान चाक जलद फिरत असल्याने कमी वेगातही दिवा नीट लागतो. त्याची वायर घडीच्या दोन्ही वळणांवर सैल ठेवा. आणि चाक कुठलंही घ्या, आसाच्या टोकाशी लोहचुंबकाचा कंस बसायला जागा उरते का ते बघूनच घ्या.

केबल: लहान काम, मोठा फरक

घडीच्या सायकलची मागची केबल दोन बिजागऱ्यांवरून जाते, एक फ्रेमची आणि एक हँडलच्या खांबाची. दर घडीला ती वाकते. आऊटर, म्हणजे केबलचं बाहेरचं वेष्टण, आखूड पडलं तर घडी घालताना ते ताणतं, टोकाची टोपी निसटते आणि गियर आपोआप बदलतो. लांब ठेवलं तर त्याचा फासा गुडघ्याला लागतो, बिजागरीच्या तोंडात येतो किंवा चाकात शिरतो. बिजागरी बंद करताना आऊटर दोन जबड्यांत चिरडलं जाणं हा या सायकलींचा नेहमीचा अपघात.

म्हणून माप असं घ्या. नवं आऊटर जुन्यापेक्षा १० सेमी लांब कापा आणि आतली वायर न घालता नुसतं जागेवर टेपने धरा. हँडल पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे. मग हँडलचा खांब खाली. मग फ्रेमची घडी. प्रत्येक स्थितीत आऊटर कुठे ताणतं, कुठे फुगतं ते बघत एकेक सेंटिमीटर कमी करा. सर्वांत जास्त ताणाच्या स्थितीतही बोटाने थोडं हलवता येईल इतपत सैल राहिलं की तेच माप. त्यानंतरच शेवटचं कापायचं, टोक कानशीने सपाट करायचं आणि आतलं अस्तर सुईने उघडायचं.

ब्रेकचं ५ मिमी आऊटर आणि गियरचं ४ मिमी आऊटर यांची अदलाबदल नको. गियरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकच्या जोराने त्या फाकून आऊटर फुटतं, आणि तेही नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर.

हँडल, सीट, पेडल

हँडल ५४० ते ५८० मिमीच्या पट्ट्यात ठेवा. त्याहून अरुंद केलं तर लहान चाकाची सायकल आधीच चंचल असते, ती आणखी लवलवते. त्याहून रुंद केलं तर घडीत टोक चाकावर किंवा जमिनीवर टेकतं. गोल पट्टीच्या ग्रिपपेक्षा तळव्याला पसरट आधार देणारी ग्रिप लांब अंतराला बरी, पण ग्रिपला फिरवायचा शिफ्टर असेल तर आखूड ग्रिप घ्यावी लागते. खटका दाबायचा शिफ्टर घेतलात तर त्याचं बोचकं घडीत खांबाला लागतं का ते पक्कं आवळण्याआधी बघा.

सीटच्या खांबावर ग्रीस लावू नका. साध्या सायकलला ते चालतं, इथे खांब रोज वर-खाली होतो आणि फक्त घर्षणावर धरला जातो. खांब आणि आतली प्लॅस्टिकची बाही स्पिरिटने पुसून कोरडी ठेवा. कार्बनचा खांब या कामाला अजिबात नको: रोजच्या सरकण्याने त्यावर ओरखडे पडतात आणि एवढ्या लांब बाहेर आलेल्या खांबाला ओरखडा म्हणजे तुटण्याची सुरुवात. कमीत कमी किती आत हवा ती रेघ कधीच बाहेर दिसता कामा नये.

पेडलमध्ये एमकेएस कंपनीचे दोन प्रकार खरे उपयोगी. एफडी-७ हे दुमडणारं, आणि ईझी मालिकेचं कडी दाबून निघणारं. दुमडणाऱ्यात कालांतराने सांध्याला खेळ येतो. निघणाऱ्यात बेअरिंग उत्तम, पाय दिवसभर सुखात राहतो, फक्त काढलेलं पेडल ठेवायची पिशवी लागते. आमचं मत निघणाऱ्याच्या बाजूने. दोन्हींना डावे आटे उलटे. आट्यांना ग्रीस लावून ३५ न्यूटन-मीटरला आवळा.

ज्यांना हात लावू नये

हँडलचा उभा खांब हा या सायकलचा सर्वांत जास्त ताण सोसणारा भाग आहे. ३० सेमीहून लांब दांडा, खाली एकच बिजागरी, वर माणसाचा जोर. हलका खांब, पुढे झुकलेला जोड-खांब, बिजागरीसाठी ॲल्युमिनियमचे किंवा टायटॅनियमचे रंगीत बोल्ट, यांतून वाचणारं वजन नगण्य आणि तुटल्यास हँडल हातात येतं. मूळ कंपनीचाच भाग, मूळ कंपनीचाच बोल्ट.

तिथे करायचं आहे ते वेगळंच. खिट्टी बंद करताना शेवटच्या टप्प्यात तळव्याने ठाम जोर लागला पाहिजे; दोन बोटांनी बंद होत असेल तर ताणाचा स्क्रू पाव फेरा आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि बिजागरीच्या फटीवर बोट ठेवा. टकटक बोटाला लागली तर आधी ती. जबड्यांच्या टेकणाऱ्या पृष्ठांवर ग्रीस नको, फक्त पिनेला तेलाचा एक थेंब. रंगाला केसाएवढी रेघ दिसली, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, तर ती नखाने खरवडून बघा. ती फक्त रंगावरची असेल तर ठीक, धातूची असेल तर सायकल चालवणं तिथेच थांबवा.

सगळं बसवून झाल्यावर दहा वेळा घडी घाला आणि उघडा. दर वेळी गियर मधल्या चक्रावर ठेवा, आणि उघडल्यावर तो तिथेच आहे का बघा. पहिल्या १०० किमीनंतर आरे पुन्हा ताणा, केबलची ढील काढा, क्रँकचे (पेडलच्या दांड्यांचे) बोल्ट पुन्हा आवळा. चौकोनी टोकाच्या आसावर नवी क्रँक पहिल्या काही दिवसांत थोडी आत बसते आणि बोल्ट सैल होतो. तसंच चालवलं तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग ती क्रँक कितीही आवळली तरी पक्की बसत नाही.